बिनदिवाणजींची पेढी

आमच्या घरी आठवडाभर नुसता धुडगूस आहे. बहिणीची दोन्ही मुलं आलीत. भाची नववीत गेली, भाचा सहावीत. त्यात आमच्या बिल्डिंगमधली वानरसेना! दुपारी एक ते चार डोळा लागेल तर शपथ.

परवा संध्याकाळी भाच्याला घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. शेंगदाणे घेतले, गूळ घेतला, मोबाइल त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीसमोर धरला. क्षणात दुकानातला डबा बोलला, पैसे आले म्हणून. बाहेर पडताना भाच्याने विचारलं, “मामा, बिटकॉइनपण असंच जातं का रे?”

प्रश्न छोटा, पण उत्तराला अख्खी सुट्टी पुरली नसती. तरी म्हटलं, बघू या.

मी म्हणालो, “असं बघ, तू वाण्याला पैसे दिलेस म्हणजे काय झालं? नोट तर कुठे गेली नाही. माझ्या बँकेच्या वहीत आकडा कमी झाला, वाण्याच्या बँकेच्या वहीत वाढला. आणि दोन्ही बँकांमध्ये निरोप पोचवायला मध्ये एक मोठी पेढी आहे. यूपीआय २०१६ साली सुरू झालं. ते चालवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था आपल्या मुंबईतच आहे. सगळे निरोप तिच्याकडून जातात. जुन्या पेढीवर कसे एक दिवाणजी बसलेले असायचे, नाकावर चष्मा, पुढ्यात चोपडी? तसंच समज. दिवाणजी आहेत म्हणून काम झटपट होतं.”

“आणि बिटकॉइनला?”

“तिथे दिवाणजीच नाहीत!”

भाचा रस्त्यातच थांबला. “मग हिशेब कोण लिहितं?”

“सगळेच. जगभरात हजारो संगणक आहेत. प्रत्येकाकडे तीच वही. सातोशी नाकामोतो असं नाव घेतलेल्या कुणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी ही कल्पना लिहून जाहीर केली. वहीचं पहिलं पान ३ जानेवारी २००९ चं. हा नाकामोतो कोण, ते आजवर कळलेलं नाही.”

घरी येईपर्यंत भाचा गप्प होता. मग म्हणाला, “पण मामा, वह्या हजारो, तर सगळ्यांत एकच गोष्ट लिहायची कशी? एकमेकांना सांगतात तरी कसे?”

शाब्बास! दोस्तांनो, आजच्या लेखाचा विषय हाच. दोन संगणक एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलतात, त्या नियमांना म्हणतात प्रोटोकॉल. मंत्री आले की कुणी कुठे उभं राहायचं त्यालाही प्रोटोकॉल म्हणतात. अर्थ तोच, कोणी, केव्हा, कसं बोलायचं याचे नियम. आणि दिवाणजी नसलेल्या पेढीत हे नियम निवडणं म्हणजे साधी गोष्ट नाही, बरं का!

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेवर पाणी सोडलं आणि सगळ्या सेनेला खाली पार्किंगमध्ये जमवलं. चौदा जण होते. त्यात सर्वांत लहान म्हणजे तळमजल्यावरचं शेंडेफळ, दुसरीतलं. अक्षर मोत्यासारखं, पण एकेक अक्षर काढायला मिनीटभर लावणारं!

प्रत्येकाला एक वही दिली. प्रत्येकाच्या नावावर वीस चिंचोके. खरे चिंचोके नाहीतच, फक्त वहीत लिहायचे. कुणी कुणाला चिंचोके दिले की चिठ्ठी लिहायची, ‘मी तिला ३ दिले’, खाली सही, वर नंबर. आणि ती गोष्ट चौदाही वह्यांत चढली पाहिजे.

“सोप्पं आहे! ओरडून सांगू,” एकजण म्हणाला.

पार्किंगमध्ये ओरडणं चालेल. पण एक वही नागपूरला, दुसरी ब्राझीलला असेल तर?

“मग मी मध्ये बसते. सगळ्यांनी मला सांगा, मी सगळ्यांना सांगते,” भाची म्हणाली.

“म्हणजे तूच दिवाणजी झालीस की!” भाचा ओरडला. बरोबर पकडलं त्याने.

शेवटी ठरलं असं, की प्रत्येकाचे चार शेजारी. चिठ्ठी मिळाली की वहीत लिहायची आणि शेजाऱ्यांना द्यायची. ते त्यांच्या शेजाऱ्यांना देतील. वाड्यात बातमी पसरते ना, तशी. बिटकॉइनसुद्धा असंच चालतं. संगणकवाले याला ‘गॉसिप’ म्हणतात, म्हणजे चक्क चकाट्या! अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९८७ मध्ये या पद्धतीवर शोधनिबंध लिहिला. साथीचा रोग पसरतो तशी माहिती पसरवायची, असा त्यांचा विचार. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असं दुप्पट करत गेलात तर किती फेऱ्यांत दहा हजारांच्या पुढे जाल? मोजा बरं. अवघ्या चौदा!

“पण मामा, कानगोष्टीच्या खेळात होतं तसं होईल ना,” एक मुलगी म्हणाली. “पहिला म्हणतो ‘आई आली’, शेवटचा सांगतो ‘गाई व्याली’.”

हुशार आहात रे सगळे! म्हणून तर चिठ्ठीवर सही. बिटकॉइनमध्ये ही सही गणिताची असते. चिठ्ठीतला एक आकडा जरी कुणी बदलला तरी सही जुळत नाही. आणि नियम असा, की आधी सही तपासायची, देणाऱ्याकडे तेवढे पैसे आहेत का ते आपल्या वहीत बघायचं, मगच पुढे द्यायचं. खोटी चिठ्ठी पहिल्या शेजाऱ्यापाशीच अडते.

पहिला डाव सुरू झाला. दहा मिनिटांत एक नवीच पंचाईत! प्रत्येकाला तीच चिठ्ठी चार-चार वेळा यायला लागली. कागद संपले, हात दुखले.

मग नियम बदलला. चिठ्ठी द्यायचीच नाही, आधी फक्त विचारायचं, “सत्तेचाळीस नंबर आहे, हवी?” समोरचा “हवी” म्हणाला तरच द्यायची. “आहे माझ्याकडे” म्हणाला तर पुढे चला.

दोस्तांनो, हा नियम मी शोधून काढला नव्हता. बिटकॉइनचे संगणक अस्सेच बोलतात. आधी चिठ्ठीची ओळख सांगायची. ती ३२ बाइटांची असते, एक बाइट म्हणजे इंग्रजीतलं एक अक्षर धरा. समोरच्याने मागितलं तर अख्खी चिठ्ठी, जी बहुधा दोनशे-तीनशे बाइटांची असते. वजन वाचतं. पण फुकट नाही हं! विचारणं, उत्तर येणं, मग देणं, असे तीन हेलपाटे झाले. म्हणजे वेळ गेला. वजन वाचवायचं की वेळ? इथूनच निवड सुरू होते.

वेळ गेला तर बिघडतं काय? ऐका. बिटकॉइनमध्ये साधारण दर दहा मिनिटांनी चिठ्ठ्यांचं एक पान पक्कं होतं, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. पान पक्कं करण्यासाठी जगभर शर्यत असते. एकाने पान पक्कं केलं, पण ते दुसऱ्याला उशिरा कळलं, तर तो तेवढ्यात आपलं वेगळंच पान जोडतो. मग वहीला दोन फाटे फुटतात आणि एकाची मेहनत पाण्यात जाते. २०१३ मध्ये दोन संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा निम्म्या संगणकांपर्यंत नवं पान पोचायला साडेसहा सेकंद लागत होते. चाळीस सेकंदांनंतरही शंभरातल्या पाच जणांना पत्ता नव्हता!

यावर २०१६ मध्ये एक युक्ती आली. पानावरच्या बहुतेक चिठ्ठ्या सगळ्यांकडे आधीच आलेल्या असतात ना? मग अख्खं पान कशाला पाठवायचं? फक्त प्रत्येक चिठ्ठीची सहा बाइटांची छोटी खूण पाठवायची. समोरचा आपल्याकडच्या चिठ्ठ्या जुळवून पान तयार करतो आणि नसतील तेवढ्याच मागून घेतो. वजनही कमी, वेळही कमी!

असो. आपण पार्किंगमध्ये परत येऊ.

दुसरा डाव छान चालला होता. शेंडेफळसुद्धा जीभ बाहेर काढून लिहीत होतं. त्याला विचारलं की ते म्हणायचं, “थांब हं, आधीची लिहू दे.” सगळे थांबायचे.

भाचीला ते सहन होईना. “किती रटाळ आहे हे! विचारायचं नाही, थांबायचं नाही. चिठ्ठी लिहिली की फेकायची. ज्याला झेलता येईल त्याने झेलावी. बघ कसा वेग येतो ते.”

आणि खरं सांगतो दोस्तांनो, मीच टाळ्या वाजवल्या. मलाही वेग बघायचा होता.

वेग आला! चिठ्ठ्यांचा पाऊसच पडायला लागला. मोठी मुलं भराभर झेलत होती, लिहीत होती. पाच मिनिटांत पहिल्या दोन डावांएवढे व्यवहार झाले. मी घड्याळ बघत होतो. शेंडेफळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याच्या पुढ्यात चिठ्ठ्यांचा ढीग झाला, काही वाऱ्याने उडाल्या, काही स्कूटरखाली गेल्या. त्याने वही मिटली. हळूहळू बाकीच्यांनीही मिटल्या. शेवटी चालू वह्या उरल्या पाच, आणि त्या पाचही मोठ्या मुलांच्या.

मग त्यातला एकजण शेंडेफळाला म्हणाला, “तू मला सहा चिंचोके देणं लागतोस.”

“दिले की मघाशी! चिठ्ठी टाकली होती मी.”

पाच वह्या उघडल्या. एकीतही ती नोंद नव्हती. चिठ्ठी कुठेतरी उडून गेली होती. त्याची स्वतःची वही तर कधीच बंद पडली होती.

“पाच वह्यांत नाही, म्हणजे दिले नाहीस,” मोठ्यांनी निकाल दिला.

शेंडेफळाचे डोळे भरून आले. “मी नाही खेळत जा,” म्हणून ते वही घेऊन घरात गेलं. कागदावरचे चिंचोके, पण त्याच्यासाठी ते खरेच होते.

पार्किंगमध्ये सगळे गप्प. आणि माझा भाचा हळूच म्हणाला, “मामा, ताई मध्ये बसली नाही, तरी आता पाच दिवाणजी झालेच की.”

दोस्तांनो, मला जे सांगायचं होतं ते या पोराने एका वाक्यात सांगितलं.

हे फक्त आपल्या खेळात होतं असं नाही. संगणकांमध्ये निरोप पाठवायच्या दोन जुन्या रीती आहेत. एक टीसीपी. तिची कल्पना व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडली. ती कुरिअरवाल्यासारखी आहे. बेल वाजवतो, नाव विचारतो, सही घेतो. तुम्ही ‘थांबा’ म्हणालात तर थांबतो. दुसरी यूडीपी, १९८० ची. ती पेपरवाल्यासारखी. खालून गॅलरीत पेपर भिरकावला की पुढे! झटपट काम. पण पेपर कुंडीत पडला की पाण्यात, त्याला पत्ता नाही. आणि कुणी दुष्टपणे हजार पेपर भिरकावले तर गॅलरी भरून जाईल. ‘पुरे’ म्हणायची सोयच नाही.

बिटकॉइनने पहिल्यापासून टीसीपी घेतलं. २०२० मध्ये सोलाना नावाचं दुसरं जाळं सुरू झालं. त्यांना दहा मिनिटं नको होती. त्यांचं पान साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत व्हायला हवं होतं. म्हणून व्यवहार पाठवायला त्यांनी यूडीपी घेतलं. वेग मिळाला. वाहवा झाली. पण १४ सप्टेंबर २०२१ रोजी एका नव्या नाण्याच्या विक्रीसाठी यांत्रिक बॉटांनी चिठ्ठ्यांचा भडिमार केला. संगणकांची स्मरणशक्ती भरून गेली आणि अख्खं जाळं सुमारे सतरा तास बंद पडलं! ३० एप्रिल २०२२ ला पुन्हा तेच. सेकंदाला साठ लाख चिठ्ठ्या आदळत होत्या. पुन्हा साधारण सात तास कुलूप. वही पुसली गेली नाही, पण एवढा वेळ कुणाला काही देता-घेता येईना. शेवटी ते संगणक चालवणाऱ्या माणसांनी आपसात बोलून, ठरवून, सगळं पुन्हा सुरू केलं.

मग त्यांनी रीत बदलली. क्विक नावाचा तिसरा प्रोटोकॉल घेतला. गूगलने २०१२ च्या सुमारास तो तयार केला आणि मे २०२१ मध्ये तो सगळ्या इंटरनेटसाठी अधिकृत ठरला. तो यूडीपीच्याच पाठीवर बसून जातो, पण आधी ओळख करून घेतो, सामान पाकिटात बंद करतो, आणि समोरच्याला ‘हळू’ म्हणायची मुभा देतो. पेपरवाल्याला गेटवर वॉचमनने नाव विचारावं, तसं. जोडीला सोलानाने आणखीही उपाय केले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मग बिटकॉइनवाले शहाणे आणि सोलानावाले वेडे का? छे, असं म्हणू नका. बिटकॉइनची किंमतही बघा. तिथे साधारणपणे सेकंदाला दहाच्या आतच व्यवहार होतात. चहाचे पैसे द्यायला गेलात तर चहा निवून जाईल! म्हणून त्याच्यावर लाइटनिंग नावाचा दुसरा मजला बांधावा लागला. त्यात दोघं आपसात छोटी वही ठेवतात आणि उघडताना-मिटतानाच मोठ्या वहीत लिहितात. वेग हवा असणं काही पाप नाही.

पण बिटकॉइनच्या संथपणात एक गोष्ट जपली गेली. तिथला संगणक स्वतःहून फक्त दहा शेजाऱ्यांशी जोडतो. आठ जणांशी सगळ्या गप्पा, दोघांशी फक्त पक्क्या पानांची देवघेव. एखादं पान चुकलं तर नंतर मागता येतं. त्यामुळे तळहाताएवढ्या स्वस्त संगणकावरही कुणी घरी अख्खी वही सांभाळू शकतं. सोलानाची वही सांभाळायला मात्र भारी, महागडं यंत्र लागतं. घरच्या साध्या संगणकाचं ते काम नाही.

आणखी एक. बिटकॉइनचे संगणक कितीतरी वर्षं उघड्या चिठ्ठ्यांनी बोलत होते. वाटेतल्या कुणालाही वाचता येईल अशा. डिसेंबर २०२३ मध्ये बंद पाकिटांची सोय आली आणि एप्रिल २०२४ पासून ती आपोआप चालू राहू लागली. पण समोरचा जुनाच असेल, त्याला पाकीट उघडता येत नसेल, तर नवा संगणक त्याच्याशी जुन्या रीतीने बोलतो. ‘तुला येत नाही, जा घरी’ असं म्हणत नाही.

म्हणून कुणी नवा प्रोटोकॉल आणला की नुसतं ‘किती वेगवान?’ असं विचारू नका. ‘याने कुणाची वही मिटेल?’ हेही विचारा. हळू लिहिणारे एकेक करून निघून गेले की उरलेले मूठभर म्हणतील ते खरं. मग दिवाणजी नाहीत असं म्हणण्यात अर्थ काय?

हो, आणि एक ताकीद! हा लेख वाचून आईबाबांच्या मोबाइलवरून बिटकॉइन घ्यायला धावू नका. त्याचा भाव पाळण्यासारखा वरखाली होतो, घरंच्या घरं बुडालीत. आपल्या देशात तो काही रुपयासारखा कायदेशीर चलन नाही. आपल्याला त्यातलं डोकं समजून घ्यायचंय, खिसा रिकामा करायचा नाही.

शेंडेफळाचं काय झालं म्हणता? भाची स्वतः गेली त्याच्याकडे. बराच वेळ दारात उभी होती. काय बोलली कोण जाणे. पण दोघं बरोबर बाहेर आली. मग तिनेच नवा नियम सांगितला, “आधी विचारायचं. समोरचा ‘हं’ म्हणाला की मगच पुढची चिठ्ठी. आणि ज्याचं पान चुकलं असेल, त्याला शेजाऱ्याने आपल्या वहीतून उतरवून द्यायचं.”

तिसरा डाव संपायला दिवेलागण झाली. चौदाच्या चौदा वह्या उघड्या होत्या. सहा चिंचोक्यांची नोंदही सगळ्यांत चढली, मोत्यासारख्या अक्षरात एका वहीत, आणि बाकी तेरा वह्यांत कोंबडीच्या पायांसारखी!

करून पाहा : आठ-दहा मित्र जमवा. प्रत्येकाला वही आणि तीन शेजारी द्या. एकदा ‘विचारून’ आणि एकदा ‘फेकून’ असे दोन डाव खेळा. प्रत्येक डावात किती वेळ लागला, किती कागद गेले आणि शेवटी किती वह्या जुळल्या, ते मांडा.

डोकं चालवा : एका मुलाचे तीनच शेजारी आहेत, आणि तिघांनी संगनमत करून त्याला खोट्याच बातम्या द्यायचं ठरवलं. त्याला हे कसं ओळखता येईल? काही नवा नियम सुचतोय का? उत्तर पुढच्या अंकात. तोवर पत्रं पाठवा, आणि अक्षर सावकाश काढा!